शून्य सावलीपासून मध्यरात्रीच्या सूर्यापर्यंत: गच्चीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

19 एप्रिल

विषय पक्का झाला. वाचनालयाच्या बालविभागाने जुलैअखेरच्या प्रदर्शनासाठी हॉलचा एक कोपरा आपल्या सोसायटीतल्या मुलांच्या कट्ट्याला दिलाय. तिथे ध्रुवांकडचे दिवस आणि रात्री मांडायच्या.

मुलांच्या डोक्यात याबद्दल एकच ओळ आहे: ध्रुवावर सहा महिने दिवस, सहा महिने रात्र. परीक्षेत तिला गुण मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. मग ध्रुवापासून थोडं अलीकडे काय होतं? आणि ठाण्यात जूनमध्ये सात वाजून गेले तरी मुलं खाली खेळत असतात, डिसेंबरात सहालाच जिन्यातले दिवे लावावे लागतात, त्याचा या सहा महिन्यांशी काय संबंध? माझ्या मते सगळा विषय या शेवटच्या प्रश्नात आहे. आपल्याकडचा सव्वादोन तासांचा फरक आणि तिकडचा कित्येक आठवडे न मावळणारा सूर्य हे एकाच हिशेबातून निघतात. मुलांना ते ठाण्यातूनच, डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

सातवीतल्या दोघांनी सुचवलं की टेबलावर बल्ब लावू आणि समोर पृथ्वीचा गोल ठेवू. मी नको म्हटलं. आपला गोल फूटभर व्यासाचा. एक मीटरवर बल्ब ठेवला तर किरणं पसरत येतात आणि गोलाचा पूर्ण अर्धा भाग उजळतच नाही, चहूबाजूंनी साडेआठ अंश कमी पडतात. म्हणजे उजेडाची कड ध्रुववृत्तावर यायला हवी ती भलतीकडेच येते, आणि आपल्याला दाखवायची आहे ती नेमकी ती कड. खरा सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे, त्याचे किरण समांतर येतात. गच्चीवर तो रोज हजर असतो. त्यालाच कामाला लावायचं.

26 एप्रिल

एक्सेलच्या तक्त्याला सुरुवात. आठवीतल्या मुलीने संगणक सांभाळला, सूत्र मी सांगितलं.

दिवस किती मोठा हे दोन गोष्टींवरून ठरतं. एक, त्या गावाचा अक्षांश. दोन, त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला डोक्यावर येतोय. पृथ्वीचा अक्ष 23.44 अंश कललेला असल्यामुळे क्रांती वर्षभरात तेवढी उत्तरेला आणि तेवढीच दक्षिणेला जाते. अक्षांशाचा टॅन गुणिले क्रांतीचा टॅन, समोर उणे चिन्ह. ही संख्या ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन काढायचा, दुप्पट करायचा, 15 ने भागायचं. उत्तर तासांत येतं. दोनच जास्तीच्या गोष्टी धरायच्या: क्षितिजाजवळ वातावरण किरण वाकवतं त्याच्या सुमारे 34 कला (60 कला म्हणजे एक अंश), आणि सूर्याच्या बिंबाच्या वरच्या कडेपर्यंतच्या 16 कला. एकूण 50 कला.

ठाण्याचा अक्षांश 19.2 घातला. 21 जूनला सुमारे 13 तास 17 मिनिटं, 22 डिसेंबरला 11 तासांना दोन मिनिटं कमी. विषुवदिनाला 12 तास 7 मिनिटं. विषुवदिन म्हणजे बरोबर बारा तास असं पाठ केलेल्यांना ती 7 मिनिटं खटकली, पण ती त्या 50 कलांचीच आहेत.

मग तोच तक्ता फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला लावला, अक्षांश साडेसहासष्ट. डिसेंबरात सव्वादोन तास उत्तर आलं आणि जूनच्या रकान्यांत ओळीने 'त्रुटी' उमटायला लागल्या. पोरं म्हणाली, काकू, सूत्र बिघडलं. सूत्र शाबूत आहे. त्या दिवसांत ते अशा कोनाची मागणी करतं ज्याचा कोसाइन उणे 1 पेक्षाही खाली असेल, आणि असा कोन अस्तित्वातच नाही. सूर्याचं आकाशातलं दिवसभराचं वर्तुळ क्षितिजाला कुठे छेदतं, हे सूत्र शोधतंय. वर्तुळ क्षितिजाला टेकतच नसेल तर छेद कुठून सापडणार? त्रुटीची ती रांग म्हणजेच मध्यरात्रीचा सूर्य. रकाने पुसायचे नाहीत, पिवळे करायचे.

27 एप्रिल

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्वतःहून पंचांग घेऊन आले. आपण तक्त्यात खपून काढलेला आकडा पंचांगात रोज छापलेला असतो, दिनमान म्हणून. मुलांनी कधी पाहिलाच नव्हता. 60 घटींचा अहोरात्र, त्यातलं ठाण्याचं दिनमान डिसेंबरात साडेसत्तावीस घटींपर्यंत उतरतं आणि जूनमध्ये 33 घटींच्या थोडं वर जातं. आजोबांनी मुलांना विचारलं, "मग तुमच्या त्या गावांचं दिनमान किती लिहायचं?" 60 घटी. आणि हिवाळ्यात शून्य. आठवीतल्या मुलीने तक्त्यात घटी-पळांचा एक रकाना लगेच वाढवला. राहू दे, उपयोगी आहे.

3 मे

उत्तर दिशा. मोबाइलच्या कंपासवर विसंबायचं नाही, कारण स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांनी सुई जागोजागी वेगळं सांगते. शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, जुनी रीत केली. पाण्याच्या टाकीची सावली पोहोचत नाही अशा पूर्वेकडच्या कोपऱ्यात फळीवर सरळ काठी उभी केली, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन शुल्बसूत्रांतही हीच रीत दिली आहे. दुपारच्या खुणेसाठी नववीतला मुलगा टोपी घालून तिथेच बसून राहिला, सावली निसटू नये म्हणून. रेघ आता ऑइल पेंटने पक्की केली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घेतली.

8 मे

गोलाची मांडणी. आजचं काम सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी कुणाला करायचं झालं तर इथेच वेळ जाईल.

बाजारातला गोल साडेतेवीस अंशाच्या स्टँडवर घट्ट बसवलेला येतो. तो कललेला स्टँड इथे उपयोगाचा नाही. गोल काढून घेतला आणि सुती चुंबळीवर ठेवला, म्हणजे हवा तसा फिरवता येतो आणि फिरवला तिथे थांबतो. आता दोन गोष्टी साधायच्या. ठाणे बरोबर माथ्यावर आलं पाहिजे, आणि उत्तर ध्रुव आपल्या पक्क्या रेघेवर उत्तरेकडे वळलेला हवा. ठाणे माथ्यावर आहे की नाही ते सुतारकाकांच्या छोट्या लेव्हलने पाहिलं. गोलावर ती आडवी धरायची, दोन्ही दिशांनी बुडबुडा मध्ये आला की झालं.

हे जमलं की गोल खऱ्या पृथ्वीला समांतर होतो. आपण खऱ्या पृथ्वीच्या पाठीवर ठाण्यात उभे आहोत, आपल्या दृष्टीने ठाणेच माथ्यावर आहे. गोलाचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे, 19 अंश वर. मग खऱ्या पृथ्वीवर या क्षणी जिथे ऊन आहे तिथेच गोलावर ऊन पडतं, आणि खऱ्या पृथ्वीवर जिथे रात्र आहे तिथे गोल काळा राहतो. काहीही फिरवायचं नाही. पृथ्वी गोलाला आपल्याबरोबर फिरवतेच आहे.

अडचण एकच आली. गच्चीला पांढरा चायना मोझॅक आहे, त्यावरून उसळलेल्या उजेडाने गोलाची खालची बाजूही उजळायची आणि कड कुठे आहे ते कळेना. काळं जाडं घोंगडं खाली अंथरलं, गोलाच्या चारी बाजूंना हातभर पसरेल इतकं. कड लगेच दिसायला लागली. ती धारदार नसते, दोनेक अंशांचा करडा पट्टा असतो.

11 मे

जांभळी नाक्यावरून सनबोर्ड, टाचण्या, चिकटमाती आणि चार शेडची निळी कार्डशीट आणली. एकेका ठिकाणचे वर्षभराचे दिवस-रात्र दाखवणाऱ्या पट्ट्या करायच्या आहेत, त्यांची चौकट सुतारकाकांनी करायला घेतली.

16 मे

आज ठाण्यात शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आणि उभ्या काठीला सावलीच नाही. सगळे साडेनऊलाच गच्चीवर.

गोलावर टाचण्या लावून ठेवल्या होत्या, प्रत्येक टाचणी पृष्ठभागाला काटकोनात: ठाणे, आर्क्टिकमधलं भारताचं हिमाद्री केंद्र, नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर, आणि दक्षिणेला अंटार्क्टिकावरची भारताची केंद्रं भारती आणि मैत्री. उत्तर ध्रुवावर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पांढऱ्या कागदाची चकती, तिच्यात मधोमध अर्धा सेंटिमीटर बाहेर राहील अशी टाचणी. चकतीचं काम पाचवीतल्या मुलीकडे. दर तासाला सावलीच्या टोकाला बॉलपेनने ठिपका द्यायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही.

दुपारी 12:35 च्या सुमारास काठीची सावली काठीच्या बुडात शिरली. गोलावर ठाण्याच्या टाचणीचीही तशीच नाहीशी झाली, आणि त्या वेळी उजेडाची कड गोलाच्या कमरेभोवती अगदी आडवी बसली होती. वरचा अर्धा उजळ, खालचा काळा. सूर्य बरोबर ठाण्याच्या डोक्यावर, म्हणून कड ठाण्यापासून सगळीकडे बरोबर 90 अंशांवर.

आता उत्तरेला मोजायला घेतलं. उत्तर ध्रुव कडेच्या वर होता, उजेडात. ध्रुव ओलांडून पलीकडच्या उतारावर ऊन कुठवर गेलंय ते दोऱ्याने मोजलं. आपल्या गोलावर एक अंश म्हणजे पावणेतीन मिलिमीटरला किंचित कमी. दोरा पाच सेंटिमीटरच्या आसपास भरला, म्हणजे 19 अंशांच्या जवळपास. आज सूर्याची क्रांती 19 अंशांच्या थोडी वर आहे. ठाण्यात दुपार होते तेव्हा बरोबर उलट बाजूला कॅनडातल्या व्हिक्टोरिया बेटावर मध्यरात्र असते, आणि कड तिथेच होती, 71 अंशांजवळ. तिच्या उत्तरेला मध्यरात्री ऊन. हे आम्ही ठाण्यातल्या गच्चीवर उभं राहून पाहिलं. नववीतला मुलगा गोलाच्या पलीकडे गुडघ्यावर बसून बराच वेळ त्या उतारावरच्या उन्हाकडे बघत होता.

दक्षिणेला तर मी स्वतः थक्क झाले. भारती केंद्र लार्समान टेकड्यांवर आहे, 69.4 अंश दक्षिण आणि 76.2 अंश पूर्व, म्हणजे आपल्या रेखांशापासून जेमतेम तीन अंश बाजूला. ठाण्यातून सरळ खाली गेलं की भारती. तिथली टाचणी कडेच्या वर चार मिलिमीटरांपेक्षाही कमी अंतरावर होती. तिची सावली लांबत जाऊन खालच्या काळ्या अर्ध्यात विरली होती. खऱ्या भारतीवर त्या वेळी दुपारचा सूर्य क्षितिजाच्या वर दीडेक अंश असणार. तिथल्यांची ती भर दुपार.

आणि मैत्री. शिर्माखर ओअॅसिसमधलं हे केंद्र 70 अंश 46 कला दक्षिणेला आहे. त्यात ठाण्याचे 19 अंश 13 कला मिळवा. 90 ला जेमतेम एक कला कमी. याचा अर्थ असा की ज्या दिवशी सूर्य ठाण्याच्या डोक्यावर येतो, त्याच दिवशी मैत्रीवर दुपारचा सूर्य नेमका क्षितिजरेषेवर येतो. आपली शून्य सावली आणि त्यांच्या ध्रुवीय रात्रीचा उंबरठा एकाच तारखेला. मैत्री आपल्या पश्चिमेला 61 अंशांवर आहे, म्हणून त्यांची दुपार आपल्यानंतर चारेक तासांनी होते, एवढाच फरक. वातावरण किरण वाकवतं म्हणून त्यांना सूर्याची कड आणखी चारेक दिवस दिसते, साधारण 20-21 मेपर्यंत. पुढे दोन महिने नाही.

दोन शून्य सावल्यांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारण 16 मे ते 27 जुलै, ठाण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. तोच काळ मैत्रीच्या अंधाराचा. आपल्या दक्षिणेकडच्या सावल्या मोजल्या तर त्यांच्या रात्रीचे दिवस मोजले जातात. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक मुलाला दुसरं काही नाही कळलं तरी हे कळायला हवं. कोपऱ्याचा मुख्य फलक हाच असेल असं ठरवून टाकलं.

चकतीची गोष्ट राहिली. पाच वाजता पश्चिमेच्या टॉवरमागे सूर्य गेला तोवर ठिपके एका सुरेख कंसावर आले होते, तासाला 15 अंशांच्या अंतराने, आणि सगळे टाचणीपासून सारख्याच लांबीवर, चौदा मिलिमीटरांच्या आसपास. गच्चीवरच्या काठीची सावली सकाळपासून आखडली, नाहीशी झाली, परत लांबली. ध्रुवावरची मात्र फक्त फिरली. ध्रुवावर सूर्य चढत नाही, उतरत नाही, एकाच उंचीवर गोल फिरतो. पाचवीतल्या मुलीने चकती जपून सोडवली आणि मागे तारीख घातली.

18 मे

ट्रॉम्सोवरचा सूर्य आजच्या सुमारास मावळायचा थांबतो आणि 26 जुलैच्या आसपास पुन्हा मावळतो. तक्त्याशी जुळतं. प्रत्यक्षात भोवतीच्या डोंगरांमुळे शहरात काही दिवस इकडेतिकडे होतात.

त्या 50 कलांमुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती फलकावर हवी. ध्रुववृत्त 66 अंश 34 कलांवर असतं, पण मध्यरात्रीचा सूर्य त्याच्या दक्षिणेला पाऊण अंशापेक्षा थोडा जास्त, 65 अंश 44 कलांपर्यंत दिसतो. उलट सूर्य दिवसभर उगवतच नाही अशी रात्र मिळायला 67 अंश 24 कलांच्या उत्तरेला जावं लागतं. ध्रुववृत्तावर न मावळणारा सूर्य आहे, पण न उगवणारा नाही. रोव्हानिएमीला डिसेंबरातही सव्वादोन तासांचा दिवस मिळाला तो यामुळेच.

1 जून

पट्ट्यांचे रंग. मुलांनी पिवळा आणि काळा असे दोनच धरले होते. मी काळा अडवला.

सूर्य क्षितिजाखाली गेला म्हणजे लगेच काळोख होत नाही. सहा अंश खाली जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश असतो, बाहेर वाचता येईल इतका. बारा अंशांपर्यंत नाविक, अठरापर्यंत खगोलीय. ठाण्यात पहिला टप्पा बावीस-चोवीस मिनिटांत आटोपतो, कारण आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा बुडतो. तिकडे तो क्षितिजाला घासत तिरका जातो, म्हणून तोच टप्पा तासन्‌तास चालतो. ट्रॉम्सोत 22 डिसेंबरच्या दुपारी सूर्य फक्त तीन अंश खाली असतो. तिथे ध्रुवीय रात्र आहे, पण दुपारी काही तास निळा उजेड असतो आणि लोक त्यात कामाला जातात, मुलं शाळेत जातात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावाला त्या दिवशी दुपारचा सूर्य 11.7 अंश खाली, म्हणजे नाविक संधिप्रकाशाची शेवटची कड. त्याहून थोडं उत्तरेला, न्यू-ओलेसुंडला आपलं हिमाद्री केंद्र आहे, 1 जुलै 2008 ला सुरू झालेलं. तिथे 12.4 अंश. दुपारीसुद्धा जवळपास पूर्ण रात्र. डिसेंबर 2023 मध्ये भारताची पहिली हिवाळी तुकडी तिथे गेली ती याच अंधारात काम करायला.

म्हणून निळ्याच्या चार छटा, सगळ्यात गडद ती खऱ्या रात्रीची.

आठ पट्ट्या असतील: उत्तर ध्रुव, हिमाद्री, ट्रॉम्सो, रोव्हानिएमी, ठाणे, भारती, मैत्री, दक्षिण ध्रुव. प्रत्येकीत वर्षाचे सगळे दिवस, एका दिवसाला एक उभी रेघ.

8 जून

छपाई झाली. पट्ट्या एकाखाली एक लावल्यावर जे दिसलं ते तक्त्यात इतकं दिसत नव्हतं. ठाण्याच्या पट्टीत पिवळ्याची कड जराशी हेलकावते. वर जाताना तेच हेलकावे मोठे होत होत रोव्हानिएमीला छताला टेकतात, ट्रॉम्सोत छत आणि जमीन दोन्ही गाठतात. मार्चमध्ये ठाण्याचा दिवस रोज मिनिटभर वाढतो, ट्रॉम्सोचा आठ-नऊ मिनिटं, लाँगइयरब्येनचा पंधरा. हिमाद्रीवर फेब्रुवारीच्या मध्यानंतर सूर्य पहिल्यांदा डोकावतो आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मावळायचाच थांबतो. नेहमीसारखे उगवते-मावळते दिवस वसंतात जेमतेम दोन महिने, शरदात तेवढेच.

लाँगइयरब्येन डोंगरांच्या कुशीत आहे. सूर्य क्षितिजावर फेब्रुवारीत येतो, पण गावात त्याचे किरण पोहोचतात 8 मार्चच्या सुमारास. त्या दिवशी सगळं गाव जुन्या हॉस्पिटलच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी जमून सूर्याची वाट बघतं, आणि आठवडाभर उत्सव चालतो. हे मुलांना फार आवडलं. चित्र पाचवीतली मुलगी काढणार आहे.

एका पालकांनी विचारलं, "म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा जास्तच ऊन मिळतं की कमी?" तास मोजले तर जवळपास सारखंच. वर्षाचे 8,766 तास, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त प्रत्येक ठिकाणी उजेडाचे. आठही पट्ट्यांतला पिवळा जवळजवळ तेवढाच आहे, फक्त वाटणी वेगळी. हा फलक दुसऱ्या क्रमांकाचा.

21 जून

सकाळपासून पाऊस. गोल कपाटात. मुलांनी घड्याळ लावून साडेबाराला भारतीची पट्टी उघडली. तिथे आज दुपारी सूर्य क्षितिजाखाली तीन अंश, म्हणजे वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या दिवशीही दुपारी उत्तरेकडे उजेड फटफटलेला.

आज उत्तर ध्रुवावर सूर्य 23.4 अंश उंचीवर चोवीस तास. वातावरणाच्या माथ्यावर दिवसभराची सरासरी धरली तर ध्रुवाला आज चौरस मीटरमागे सुमारे 520 वॅट मिळतात, विषुववृत्ताला सुमारे 385. ध्रुवावर जास्त! तरी तिथे बर्फ असतो, कारण एक तर किरण तिरके येऊन वातावरणाचा लांब रस्ता कापतात, दुसरं म्हणजे ताजा बर्फ आलेल्या उजेडातला 80 टक्क्यांहून अधिक परत फेकतो, आणि तिसरं, हे दिवस थोडे असतात. बर्फ वितळून काळं पाणी उघडं पडलं की हा हिशेब झपाट्याने बदलतो. आर्क्टिकची काळजी वाटते ती इथे. मुलांना एवढंच सांगितलं, फलकावर मात्र वेगळी ओळ हवी.

6 जुलै

पावसाळ्यात खरा सूर्य मिळणार नाही, म्हणून हॉलसाठी प्रोजेक्टर. एका टोकाला प्रोजेक्टर, आठ मीटरवर गोल. कड फक्त एका अंशाने कमी पडते, चालेल. पडदे लावून चाचणी घेतली.

या दिवसांत पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, 15 कोटी 21 लाख किलोमीटर. जानेवारीच्या सुरुवातीला 14 कोटी 71 लाख. उन्हाळा अंतरामुळे येत नाही, याला हा पुरावा पुरे. पण अंतराचा एक परिणाम पट्ट्यांवर दिसतो. लांब असताना पृथ्वी सावकाश जाते, म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत 186 दिवस लागतात आणि उरलेल्या अर्ध्याला 179. उत्तर ध्रुवाचा दिवस दक्षिण ध्रुवाच्या दिवसापेक्षा आठवडाभर मोठा. 'सहा महिने' ही दोन्हीकडे ढोबळ गोष्ट आहे.

आजोबा आज पुन्हा आले. 499 सालच्या सुमारास आर्यभटाने लिहून ठेवलंय की मेरूवरचे, म्हणजे उत्तर ध्रुवावरचे, देव अर्धं वर्ष सूर्य पाहतात आणि चंद्रावरचे पितर अर्धा महिना. म्हणजे चंद्रावरचा दिवस पंधरवड्याचा, हेही बरोबर. 1150 साली भास्कराचार्यांनी नेमका नियम दिला: 66 अंशांच्या वरच्या प्रदेशात सूर्याची उत्तर क्रांती लंबांशापेक्षा मोठी असते तोवर सूर्य मावळत नाही. लंबांश म्हणजे 90 वजा अक्षांश. त्यांनी परमक्रांती, म्हणजे सूर्याची जास्तीत जास्त क्रांती, 24 धरली होती, म्हणून 66. बर्फाचा प्रदेश न पाहता, शंकू आणि गोलगणितावर त्यांनी हे काढलं. मैत्रीचा लंबांश म्हणजे ठाण्याचा अक्षांश, असं आजोबांनी एका वाक्यात सांगितलं. मुख्य फलकाचं शीर्षक मिळालं.

14 जुलै

भारतीवर आज-उद्या सूर्य परततो. पट्टीवर तिथे लाल टाचणी. मैत्रीला अजून आठवडाभर.

27 जुलै

प्रदर्शन झालं. सकाळी दाट ढग, दुपारी दहा-पंधरा मिनिटं फिकट ऊन आलं आणि मुलं काठी घेऊन वाचनालयाच्या अंगणात पळाली. सावली नव्हती. ढगामुळे की सूर्य डोक्यावर होता म्हणून, यावर त्यांचा वाद रंगला. मी पडले नाही. नववीतल्या मुलाने शेवटी हाताची मूठ काठीच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर धरली. फिकट पण मुठीची सावली पडली, आणि बरोबर मुठीच्या खाली पडली. वाद मिटला.

हॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळ लोक पट्ट्यांपाशी थांबले. एक बाई आपल्या नातवाला ठाण्याच्या पट्टीवर त्याचा वाढदिवस शोधून देत होत्या आणि मग बोट सरळ खाली नेऊन त्या दिवशी मैत्रीवर काय होतं ते वाचत होत्या. तिथून पुढे सगळेच तसं करायला लागले. पट्ट्या जाड बोर्डावर पुन्हा लावायला हव्यात, बोटांनी कडा उसवल्या.

वाचनालयाने पट्ट्या कायमच्या ठेवून घेतो म्हटलंय. पुढची कामं: सुतारकाका बोर्ड करतील; आठवीतली मुलगी तक्ता स्वच्छ करून मागेल त्या शाळेला देईल; 23 सप्टेंबरला ऊन मिळालं तर गोल पुन्हा गच्चीवर मांडायचा, तेव्हा उजेडाची कड दोन्ही ध्रुवांवरून जायला हवी. दोन्ही ध्रुवांवर एकेक चकती लागेल. पाचवीतल्या मुलीने कागद कापून ठेवलेत.